सयाजीराव नावाचा घोडा

सप्टेंबर १९४७ मध्ये इंग्लंडातल्या डॉन्कास्टरच्या मैदानावर सयाजीराव जिंकला. शर्यत होती सेंट लेजर. १७७६ पासून चालत आलेली, तिकडच्या पाच मानाच्या शर्यतींपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत लांब पल्ल्याची. पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. दुसरा आला फ्रान्सच्या मार्सेल बुसाक यांचा आर्बार, तिसरा आगाखानांचा मिगोली. पहिल्या दोघांत अंतर घोड्याच्या डोक्याएवढे. भारत स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता, आणि विजेत्या घोड्याचे मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

बडोद्याच्या सयाजीरावांवर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. चरित्रे आहेत, भाषणांचे खंड आहेत, गौरवग्रंथ आहेत. गेली वीसेक वर्षे मी हे साहित्य जमेल तसे गोळा करून वाचतो आहे. मी पेशाने हिशेबनीस, इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. त्यामुळे पुस्तक हातात घेतले की जमाखर्चाकडे आधी नजर जाते. या सगळ्या वाचनात हा चार पायांचा सयाजीराव मला कुठे भेटला नाही. तो भेटला इंग्रजी शर्यतींच्या जुन्या वार्षिकांत आणि घोड्यांच्या वंशावळींत. मराठी वाचनाने नातवाला जणू चरित्राच्या शेवटच्या प्रकरणानंतर गाळून टाकले आहे. आजोबांविषयीच्या आदरापोटी हे झाले असावे. पण ज्या राज्यात १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले, त्या राज्याचा शेवट कसा झाला, हे नातवाला गाळून कळत नाही. आणि नातवाकडे जायची वाट, माझ्या मते, या घोड्याच्या पाठीवरून जाते.

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८ चा. त्याच वर्षी त्यांचे वडील, युवराज फत्तेसिंहराव, वारले. पोरक्या नातवाला आजोबांच्या छत्राखाली वाढावे लागले. फेब्रुवारी १९३९ मध्ये सयाजीराव गेले आणि एकतिसाव्या वर्षात असलेला हा नातू गादीवर बसला. आजोबांची कारकीर्द प्रत्यक्ष अधिकार हाती आल्यापासून, म्हणजे १८८१ पासून धरली तरी अठ्ठावन्न वर्षांची. एवढ्या लांब सावलीतून बाहेर पडलेला माणूस काय करील? यांनी आजोबांचे नाव सोडले नाही, उलट सढळ हाताने वापरले. फक्त ते कुठे कुठे वापरले, याची यादी मोठी चमत्कारिक आहे.

घोड्यांचा नाद महाराजांना इंग्लंडला जाण्याआधीपासून होता. १९४३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर पहिली इंडियन डर्बी झाली, ती त्यांच्याच ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. जॉकी होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे डॉन्कास्टरला सयाजीरावच्या पाठीवर हाच होता. महायुद्ध संपताना तो महाराजांचा जॉकी म्हणून इंग्लंडला गेला. त्याच १९४३ मध्ये महाराजांनी पिठापुरमच्या राजघराण्यातल्या सीतादेवींशी दुसरा विवाह केला. महाराणी शांतादेवी हयात होत्या आणि बडोद्यात एकपत्नीत्वाचा कायदा होता. राजाने केलेला कायदा राजाला लागू होतो का, हा प्रश्न तेव्हा गाजला आणि राजाच्याच बाजूने सुटला. पुढच्या हिशेबात हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

आता घोडा. थरोब्रेड घोड्यांच्या दुनियेत कुळाला फार किंमत, आणि या शिंगराचे कूळ त्या काळी सर्वांत महागडे म्हणावे असे होते. बाप नेअर्को. इटलीत फेडेरिको तेसिओ यांनी पैदा केलेला, चौदा शर्यती धावून चौदाही जिंकलेला. १९३८ मध्ये मार्टिन बेन्सन या इंग्लिश बुकमेकरने तो साठ हजार पौंडांना घेतला, न्यूमार्केटला ठेवला आणि युद्धात बाँब पडू लागले तेव्हा त्या एका घोड्यासाठी स्वतंत्र तळघर बांधले. बेन्सनच्या या श्रीमंती व्यवहारांत आपल्याकडचा एक दुवा आहे. चार वर्षे आधी, १९३४ मध्ये, बडोद्याच्या शेजारच्या राजपीपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांच्या ‘विंडसर लॅड’ने एप्सम डर्बी जिंकली होती आणि त्यानंतर तो घोडा पन्नास हजार पौंडांना विकत घेणारा हाच बेन्सन. राजपीपळा संस्थान बडोद्याच्या मानाने चिमुकले. शेजारच्या लहान राजाने डर्बी आणावी आणि एकवीस तोफांच्या सलामीच्या गायकवाडांकडे ती नसावी, ही गोष्ट बडोद्याला खुपली असेल असे मला वाटते. कागद त्याला आधार देत नाही, स्वभाव देतो.

आई रोझी लेजंड, यॉर्कशायरात हलचे व्यापारी सर एरिक ओल्सन यांच्याकडे. तिला नेअर्कोपासून झालेला आधीचा मुलगा दान्ते. ओल्सननी दान्तेला वर्षाचा असताना लिलावात उभे केले, पण ठरवलेली किमान बोली आली नाही म्हणून घरी परत नेले. त्याच दान्तेने १९४५ ची डर्बी जिंकली. युद्धामुळे ती एप्समऐवजी न्यूमार्केटला झाली होती. उत्तर इंग्लंडात तयार झालेल्या घोड्याने डर्बी जिंकावी, हे १८६९ नंतर प्रथमच घडत होते. त्याच वर्षी त्याचा सख्खा भाऊ, गडद तपकिरी रंगाचा, वर्षाचा शिंगरू, लिलावाला आला. थोरल्याला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. धाकट्यासाठी प्रतापसिंहरावांनी अठ्ठावीस हजार गिनी मोजल्या. ब्रिटनमध्ये वर्षाच्या शिंगराला एवढी बोली तोवर कधी लागली नव्हती.

गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. नाणे केव्हाच बंद झाले होते, पण घोड्यांचे लिलाव गिनीतच चालत. तेव्हा अठ्ठावीस हजार गिनी म्हणजे २९,४०० पौंड. रुपयाचा दर ठरलेला होता, एक शिलिंग सहा पेन्स. त्या दराने ही रक्कम तीन लाख ब्याण्णव हजार रुपये होते. हा आकडा नुसता मोठा वाटून उपयोग नाही, तो कशाशी तरी लावून पाहायला हवा. विलीनीकरणानंतर भारत सरकारने बडोद्याच्या महाराजांना जो वार्षिक तनखा ठरवून दिला, तो साडेसव्वीस लाखांचा. देशातल्या भल्या तनख्यांपैकी एक. म्हणजे अख्ख्या राजघराण्याच्या वर्षभराच्या तनख्याचा जवळपास सातवा हिस्सा एका शिंगराला गेला. तेही ते एक पाऊल शर्यतीत टाकण्याआधी, कारण वर्षाच्या शिंगराला काय येते हे देवालाही ठाऊक नसते.

या शिंगराचे नाव ठेवले सयाजीराव.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्यात रीत आहे. प्रतापसिंहराव आणि सीतादेवी यांना मार्च १९४५ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव सयाजीरावच. ते रीतीला धरून झाले. पण जनावराला वाडवडिलांचे नाव? आपल्या गोठ्यात सर्जा-राजा असतात, ढवळ्या-पवळ्या असतात. आजोबांच्या नावाने बैलाला हाक मारणारा शेतकरी मी पाहिला नाही. इंग्रजी शर्यतींच्या जगात मात्र थोरांची नावे घोड्याला देणे हा गौरव मानतात, दान्ते हे नाव त्यातलेच. महाराजांनी ते गौरव म्हणूनच दिले असणार, यात मला शंका नाही. अवमानाचा हेतू त्यांच्या मनाला शिवला नसेल. पण कावळाण्याच्या एका साध्या कुटुंबातून दत्तक आलेल्या, आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला पाठवणाऱ्या माणसाच्या नावावर पैज लागू लागली, आणि हा गौरव ज्या पैशाने विकत घेतला तो कुणाचा, हे कुणी विचारले नाही.

घोडा मात्र गुणी निघाला. महागड्या शिंगरांचे पुढे काय होते याच्या कथा फार कुचेष्टेच्या असतात. अठ्ठावीस हजारांचा हा सौदा त्यात गेला नाही. त्याची तयारी फ्रेड आर्मस्ट्राँग यांच्याकडे होती, त्यांना सगळे सॅम म्हणत. ते मूळचे यॉर्कशायरच्या मिडलहॅमचे. महाराजांनी न्यूमार्केटला वॉरन प्लेस ही तबेल्यांसह मोठी मालमत्ता घेतली आणि आर्मस्ट्राँगना तिथे आणले. १९४६ चा दोन वर्षांच्या घोड्यांचा हंगाम बेताचा गेला. खरी कसोटी १९४७ ची.

त्या वर्षीचा पहिला मोठा सामना न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज. सरळ एक मैल. तिथे ट्युडर मिन्स्ट्रेल हा घोडा आठ लांबींनी जिंकला. मैलाच्या शर्यतीत एवढे अंतर पडले की बाकीचे घोडे वेगळ्या शर्यतीत धावत होते असे वाटावे. दुसरा सारवान, तिसरा सयाजीराव. ज्यांना घोड्यातले कळते त्यांनी यातूनही एक गोष्ट हेरली असेल: सयाजीरावला मैल अपुरा पडत होता. वेगाने सुटणाऱ्यांतला तो नव्हता. पल्ला वाढला की त्याचे बळ दिसे. पुढे लिंगफील्डला डर्बीपूर्व चाचणीची शर्यत त्याने जिंकली, तेव्हा हा अंदाज पक्का झाला.

डर्बी होती ७ जून १९४७ ला, दीड मैलाची. तारीख मुद्दाम सांगतो. ३ जूनला माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना जाहीर केली होती. बडोद्याने एप्रिलअखेरीसच आपले प्रतिनिधी घटना समितीत पाठवले होते आणि त्याबद्दल संस्थानाचे कौतुकही झाले होते. ते श्रेय बरेचसे दिवाण ब्रजेंद्रलाल मित्तर यांचे. ट्युडर मिन्स्ट्रेलवर सर गॉर्डन रिचर्ड्स. अजून ‘सर’ व्हायचे होते, नुसते रिचर्ड्स. सारे इंग्लंड त्याच्यावर पैसे लावून बसले होते. हा घोडा लगाम मानेना, पल्ला त्याला झेपला नाही, तो चौथा आला. जिंकला चाळीसास एक भावाचा, फ्रान्सहून आलेला पर्ल डायव्हर, तोही चार लांबींनी. दुसरा मिगोली. आणि तिसरा पुन्हा सयाजीराव. गिनीजमध्ये ज्याने आठ लांबींहून अधिक मागे टाकले, त्याला दीड मैलावर मागे टाकून तो तिसरा आला होता.

त्याच महिन्यात तो आयर्लंडला नेला गेला आणि कुराच्या माळावर आयरिश डर्बी त्याने जिंकली. तेव्हा त्या शर्यतीला आजची श्रीमंती नव्हती, पण डर्बी ती डर्बी. मग सप्टेंबर, डॉन्कास्टर आणि पल्ला आणखी वाढलेला. मिगोली एप्समला त्याच्यापुढे होता, इथे मागे पडला. आर्बार मात्र सोडेना. हा आर्बार पुढच्या वर्षी ॲस्कटचा गोल्ड कप जिंकला आणि मिगोलीने पॅरिसची आर्क द त्रिओंफ घेतली, म्हणजे हरलेले दोघेही लेचेपेचे नव्हते. डोक्याएवढ्या फरकाने जिंकलेल्या शर्यतीला घोड्यांच्या जगात मान अधिक, कारण तिथे वेग सरलेला असतो आणि उरते ती जिद्द. मी शर्यतींचा शौकीन नाही. एक रुपया कधी लावलेला नाही. तरी या घोड्याच्या १९४७ च्या नोंदी ओळीने वाचताना त्याच्याविषयी माया वाटू लागते. तिसरा, तिसरा, मग पहिला आणि पुन्हा पहिला. आजोबांच्या स्वभावाशी हा क्रम जुळतो असे म्हणण्याचा मोह होतो; तो मी आवरतो.

याच सप्टेंबरात काठियावाडात जुनागढचा पेच उभा होता. तिथल्या नबाबाने पाकिस्तानात जाण्याचे जाहीर केले होते. आजूबाजूचे सारे राजकारण बडोद्याच्या भूमिकेवर डोळे लावून होते, कारण त्या भागात बडोद्याचे महाल विखुरलेले आणि हाताशी थोडेफार सैन्य. व्ही. पी. मेनन यांनी संस्थानांच्या विलीनीकरणावरच्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे की, मदतीच्या बदल्यात आपल्याला गुजरात-काठियावाडचा राजा म्हणून मान्यता मिळावी, अशी मागणी प्रतापसिंहरावांनी याच काळात पुढे केली. दिल्लीने अर्थातच ती मानली नाही. एप्रिलमध्ये कमावलेली पत सप्टेंबरात गेली. एकाच महिन्यात एक सयाजीराव डॉन्कास्टरला जिंकत होता आणि दुसऱ्या सयाजीरावांचे राज्य हातचे जाण्याच्या वाटेला लागले होते.

पुढचे वर्ष दोन्हीकडे निर्णायक ठरले. मैदानावर: महाराजांच्या ‘माय बाबू’ने १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकली. याचे मूळ नाव लेरीन्स. महाराजांनी ते बदलून ‘माय बाबू’ केले. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असलेल्या बापाने हे नाव ठेवले, एवढे लक्षात घेतले की पुरे. सयाजीराव चार वर्षांचा झाला होता. त्याने रॉयल ॲस्कटला हार्डविक स्टेक्स जिंकून दौड संपवली. सोळा शर्यती, सहा विजय. बडोद्यात: धारासभेत महाराजांविरुद्ध उघड आवाज उठला. सप्टेंबरात डॉ. जीवराज मेहता दिवाण झाले आणि खजिन्याचे कागद तपासले जाऊ लागले.

इथे मला माझ्या पेशाचे बोलायचे आहे. राज्याचा खजिना वेगळा आणि राजवाड्याचे खानगी खाते वेगळे, ही रेघ बडोद्यात टी. माधवरावांच्या दिवाणगिरीपासून आखली गेली आणि सयाजीरावांनी ती सांभाळली. त्यांच्याआधीच्या मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतल्या होत्या. १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले, तेव्हा तिजोरीची जी दशा होती तिच्यावर उपाय म्हणून ही रेघ आली. सयाजीरावांचे वाचनालय, शाळा, शिष्यवृत्त्या या साऱ्यांमागे ही कोरडी, कंटाळवाणी रेघ आहे. मेनन यांच्या सांगण्याप्रमाणे प्रतापसिंहरावांनी ठरल्या नेमणुकीच्या कितीतरी पलीकडे राज्याचा पैसा उचलला आणि घराण्यातले मोती-जवाहीर परदेशी गेले. एकदा खजिन्यातली रक्कम खानगीत वळली की घोडा कुठल्या पैशाचा, मोती कुठल्या पैशाचे, वॉरन प्लेस कुठल्या पैशाचे, असा हिशेब वेगळा काढता येत नाही. सगळे पाणी एकाच पाटात. अमरेलीच्या कुणब्याने भरलेला सारा डॉन्कास्टरच्या हिरवळीवर धावला, असे मी म्हणतो ते या अर्थाने. आणि राजाने केलेला नियम राजाला लागू होतो का, हा १९४३ चा प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला. या वेळी तो त्याच्या बाजूने सुटला नाही.

१ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई प्रांतात विलीन झाले. आदल्या दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले. त्यामागे आजोबांच्या नावाचा न्यास प्रतापसिंहरावांनीच उभा केला होता. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, दिवाणांच्या पत्नी. पाच वर्षांच्या आत एकाच माणसाने आजोबांचे नाव तीन जागी दिले: मुलाला, घोड्याला आणि विश्वविद्यालयाला. त्यांना उधळे ठरवून मोकळे होणाऱ्यांना विश्वविद्यालय अडचणीचे होते, आणि दानशूर म्हणून गौरवणाऱ्यांना घोडा. मला दोन्ही ठेवायचे आहेत. एकाच खतावणीत, समोरासमोर.

पुढे महाराजांनी संस्थानिकांची संघटना उभारून विलीनीकरणाविरुद्ध हालचाल सुरू केली. एप्रिल १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली आणि शांतादेवींचे पुत्र फत्तेसिंहराव यांना गादीचे वारस म्हणून मान्यता दिली. मल्हाररावांना जाऊन शहात्तर वर्षे झाली होती. वॉरन प्लेस पुढे नोएल मर्लेस या नामवंत प्रशिक्षकाकडे गेले.

सयाजीराव आयर्लंडमध्ये पैदाशीसाठी होता, आणि तिथेही त्याने नाव राखले. त्याची मुलगी ग्लॅडनेस १९५८ मध्ये लेस्टर पिगॉटच्या स्वारीखाली ॲस्कटचा गोल्ड कप जिंकली. लिंक्रिस ही दुसरी १९६० ची आयरिश ओक्स. सगळी संतती बापासारखीच, लांब पल्ल्याची. कुराच्या माळाजवळ, किल्डेअर परगण्यात बडोदा स्टड या नावाची पागा आजही चालू आहे आणि तिथले शिंगरू दरवर्षी लिलावात त्या नावाने पुकारले जातात.

१९६४ मध्ये त्याचा मुलगा इंडियाना डॉन्कास्टरला सेंट लेजर धावला. पहिला आला, दुसऱ्या घोड्याशी अंतर डोक्याएवढे. दोन वर्षांनी सयाजीराव बावीस वर्षांचा होऊन मेला. प्रतापसिंहराव १९ जुलै १९६८ रोजी लंडनमध्ये वारले.